हयातीचा दाखला

माणसाला पन्नाशी लागली म्हणजे लोक त्याला मान देऊं लागतात आणि काम देईनासे होतात, असा माझा अनुभव आहे. महाविद्यालयांतील समारंभांत मला आतां पहिल्या रांगेंत बसवितात. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांची वाण नाहीं. परंतु सहलीची आखणी असो, कीं स्नेहसंमेलनाची धांवपळ असो, "सर, आपण कशाला दगदग करतां?" असें म्हणून तरुण मंडळी माझ्या हातांतील काम अलगद काढून घेतात. हा मान म्हणावयाचा कीं बडतर्फी, हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

परंतु माझें स्वतःचें गाऱ्हाणें सांगण्यासाठीं मीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. हाच प्रश्न आमच्या घरांत सध्यां एका निराळ्याच व्यक्तीविषयीं उभा राहिला आहे. ती व्यक्ति म्हणजे आमची मोटार. तिचा जन्म १९७६ सालचा. अर्थात् २०२६ सालीं तिला पन्नास वर्षें पुरीं होतात. पन्नास वर्षांवरील मोटारींचा मान कसा राखावा याचे नियम केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलै महिन्यांत केले आहेत. खासगी वापराची आणि मूळ स्वरूपांत राखलेली अशी गाडी असली, तर तिला 'विंटेज' हा दर्जा मिळतो. त्यासाठीं नव्या नोंदणीला वीस हजार रुपये भरावे लागतात, नोंदणी दहा वर्षें चालते, आणि क्रमांकाच्या पाटीवर या थोरवीचीं निराळीं अक्षरें येतात. मान खरोखरच मोठा आहे. मात्र त्याच नियमांत पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, ही गाडी नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां यावयाची नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, फार तर पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठीं तिनें बाहेर पडावें. थोडक्यांत सांगावयाचें तर तिनें मिरवावयास जावें, मंडईंत जाऊं नये.

दुसरा मार्ग मोडींत काढण्याचा. त्याचेंहि धोरण सरकारनें २०२१ मध्येंच जाहीर केलें आहे. तिसरा मार्ग आजवरचा. खासगी मोटारीची नोंदणी पहिलीं पंधरा वर्षें टिकते. त्यानंतर दर पांच वर्षांनीं गाडी परिवहन कचेरींत नेऊन, दिवे, ब्रेक, भोंगा आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक दाखवून ती पुढें चालू ठेवावी लागते. १९९१ पासून आम्ही हें नेमानें करीत आलों आहों.

या तीन मार्गांवरून आमच्या घरांत तीन पक्ष पडले आहेत. पत्नीचें मत पहिल्या मार्गाकडे झुकतें. "इतकीं वर्षें राबली, आतां तिला मानानें बसूं दे," असें ती म्हणते. आमची कन्या पंचविशीच्या घरांत आहे आणि पर्यावरणाचा अभ्यास करते. तिला दुसरा मार्ग पसंत आहे. शहाऐंशी वर्षांच्या माझ्या आईनें मात्र चर्चेंत भाग न घेतां एवढेंच विचारलें, "मग मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कशांतून नेणार?" माझें मत सांगण्यापूर्वीं या गाडीशीं आमचा चाळीस वर्षांहून अधिक जो सहवास घडला त्याचा थोडा हिशेब वाचकांपुढें मांडणें मला अवश्य वाटतें.

ती आमच्याकडे आली १९८२ सालीं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, पाटबंधारे खात्यांत अभियंते होते. त्यांच्या एका सहकाऱ्याची दूर बदली झाली आणि त्यांची सहा वर्षें वापरलेली गाडी अण्णांनीं घेतली. नवी गाडी घेण्याचा विचार त्या काळीं आमच्यासारख्यांच्या घरांत फारसा होतच नसे. पैसे जमले तरी नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि निवड करावयाची ती बहुधा अँबॅसडर आणि फियाट या दोहोंतच. गाडी दाराशीं आली तेव्हां आईनें चाकांखालीं लिंबें ठेवलीं आणि बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक काढलें. "हिचा रंग कोणता म्हणायचा?" असें आजीनें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर आजवर कोणासहि देतां आलेलें नाहीं. तो रंग धड निळा नाहीं, धड करडा नाहीं; मृगापूर्वींच्या आभाळासारखा आहे.

कागदोपत्रीं तिचें नांव प्रीमियर पद्मिनी. इटलींतील फियाट कंपनीच्या अकराशें क्रमांकाच्या नमुन्यावरून ती मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई, आणि १९७४ च्या सुमारास तिला चितोडच्या राणीचें नांव देण्यांत आलें. लोकांनीं हें बारसें कधींच मनावर घेतलें नाहीं. त्यांच्या तोंडीं फियाट हेंच नांव राहिलें. तिच्या आधींच्या, अंगानें गुबगुबीत अशा वडील बहिणीला तर लोकांनीं 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलें होतें. तेव्हां नुसतें फियाट म्हणून घेण्यावर निभावलें, हें आमच्या राणीसाहेबांचें भाग्यच समजावयाचें. अण्णांना मात्र या गाडीचा अभिमान वाटे तो राणीमुळें नव्हे, तर वालचंद हिराचंद यांच्यामुळें. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९१९ मध्यें सिंधिया जहाज कंपनी उभारण्यांत पुढाकार घेतला, १९४० मध्यें बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अण्णांचें बालपण सोलापुरांत गेलेलें. "पाणी, आकाश आणि जमीन, तिन्ही ठिकाणीं आमच्या गांवचा माणूस पोंचला," असें ते पाहुण्यांना सांगत, आणि मग पाहुण्यांना गाडींत बसवून पर्वतीपर्यंत एक फेरी घडवून आणीत.

या गाडीचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें. तिच्या गिअरचा दांडा पायांशीं नसून स्टिअरिंगखालीं डाव्या हाताला आहे. त्यामुळें पुढची बैठक मध्यें न तुटतां बाकासारखी सलग राहते आणि तिच्यावर तिघे जण मावतात. लहानपणीं ती मधली जागा माझी असे. दारांच्या कांचांना पुढच्या अंगाला एकेक छोटी त्रिकोणी कांच आहे. ती थोडी तिरकी केली कीं वाऱ्याचा झोत नेमका आपल्या तोंडावर येतो. थंडीच्या दिवसांत सकाळीं चोक ओढावा लागतो. चोक म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेचा दरवाजा लोटून घेणें. मग पेट्रोलाचें प्रमाण वाढतें आणि गारठलेलें इंजिन पेट घेतें. तें तापत जाईल तसतसा चोक आंत सारावयाचा. उशीर केला तर तें गुदमरतें, घाई केली तर रुसतें. आजच्या मोटारींत हें सारें एक लहानसा संगणक पाहतो, आणि तो हें काम आमच्यापेक्षां चांगलें करतो यांत शंका नाहीं. परंतु आमच्या गाडीचें दुखणेंखुपणें घरांतील प्रत्येकाला कळत असे, ही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आई स्वयंपाकघरांतून नुसता आवाज ऐके आणि म्हणे, "आज पॉइंट साफ करायला झालेत हं." आणि तसेंच निघे. ठिणगी पाडणाऱ्या त्या दोन चिमुकल्या तुकड्यांवर काजळी धरलेली असे. अण्णा बारीक पॉलिश-कागदानें ती घासून काढीत, आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालूं लागे.

मे महिन्यांत मुंबईहून परततांना बोरघाटांत थांबणें हा आमचा ठरलेला विधि होता. १८३० सालीं गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत गाड्यांसाठीं खुला झालेला हा रस्ता खोपोली सुटली कीं एकदम चढूं लागतो. त्या चढावर, त्या उन्हांत, त्या काळच्या कोणत्याहि लहान मोटारीचें पाणी तापावयाचेंच. दोष गाडीचा नव्हे, सह्याद्रीचा. शिंग्रोबाच्या देवळाशीं अण्णा गाडी कडेला घेत, बॉनेट उघडून ठेवीत, आणि रेडिएटरच्या झांकणाला कोणी हात लावूं नये म्हणून स्वतः पहारा करीत. ज्या धनगरानें इंग्रजांना या डोंगरांतून लोहमार्गाची वाट दाखविली असें सांगतात, त्याचें हें देऊळ. येणारेजाणारे ड्रायव्हर तेथें नाणें टाकून पुढें जातात. आम्हीहि टाकीत असूं. मग आई डब्यांतून दशम्या काढी, दरींतून वारा येई, आणि अर्ध्या तासानें पाणी निवलें कीं आम्ही निघत असूं. २००२ मध्यें द्रुतगति मार्ग पुरा झाला आणि या थांबण्याचें प्रयोजन बहुतेकांना उरलें नाहीं. आमची गाडी मात्र जेव्हां केव्हां त्या बाजूला गेली, तेव्हां जुन्याच रस्त्यानें गेली.

अण्णांची आणखी एक संवय मला येथें सांगितली पाहिजे. गाडी घेतली त्या आठवड्यांतच त्यांनीं लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आणली आणि तिच्यांत रकाने आंखले: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती, कारण. या शेवटच्या रकान्यांत गाडी कशासाठीं काढली तें एकदोन शब्दांत लिहावयाचें. अशा आतां सात वह्या झाल्या आहेत. पेट्रोलाचा हिशेब कोणी परत पाहिला असेल असें मला वाटत नाहीं. परंतु 'कारण' हा रकाना मी अलीकडे पहिल्यापासून वाचून काढला, आणि आमच्या घराचा याहून विश्वासू इतिहास दुसरा नाहीं अशी माझी खात्री झाली. "मंडई." "शाळा, पावसामुळें." "स्टेशन, मामा." "टायर, पंक्चर." पानेंच्या पानें हीं अशींच आहेत. मधूनच ऑक्टोबर १९९३ मध्यें एक नोंद आहे: "किल्लारी. कांबळीं, भांडीं." त्या सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे तेथें भूकंप झाला होता, नुकतेच सेवानिवृत्त झालेले अण्णा आणि त्यांचे दोन मित्र सोलापूर-उमरगा मार्गानें गाडी भरून सामान घेऊन गेले होते. आणि २००१ मधील एक नोंद अशी आहे: "दवाखाना. जातांना तिघे, येतांना चौघे." आमच्या कन्येच्या जन्माबद्दल अण्णांनीं आयुष्यांत लिहिलेला हा एकच मजकूर. माझ्या मतें तो पुरेसा आहे.

मोठ्या प्रवासांपेक्षां लहान कामांच्या नोंदी शतपटीनें अधिक आहेत, हें ती वही वाचतांना ध्यानांत येतें. मोटारीनें कुटुंबाला काय दिलें, असें कोणीं विचारलें तर आपण काश्मीर कीं कन्याकुमारी येथपर्यंत गेलों हें सांगतों. परंतु मोटारीनें आम्हांला जें दिलें तें मंडई, स्टेशन आणि दवाखाना यांच्या वाटेवर दिलें. त्यांतलें मला सर्वांत मोलाचें वाटतें तें असें. आमचे अण्णा मनानें मायाळू, परंतु समोर बसलेल्या माणसाशीं, विशेषतः मुलाशीं, त्यांना बोलतां येत नसे. जेवतांना ते ताटाकडे पाहत, मी भिंतीकडे पाही. मोटारींत निराळें होतें. तेथें दोघांनींहि समोरच्या रस्त्याकडेच पाहावयाचें असतें. एकमेकांच्या चेहऱ्याकडे न पाहतां शेजारीं बसणें, ही बोलक्या माणसांना अडचण वाटत असेल. अबोल माणसांना ती मोठी सवलत आहे.

१९८७ सालीं माझा बारावीचा निकाल लागला होता. गुण चांगले होते, म्हणजे मी अभियंता होणार हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. मला इंग्रजी वाङ्मय घ्यावयाचें होतें. एका रविवारीं वाईहून, आत्याकडून, आम्ही दोघे परत येत होतों. पाऊस लागला होता. खंबाटकीचा घाट उतरून शिरवळच्या रोखानें आलों, तेव्हां अण्णा एकाएकीं म्हणाले, "आई सांगत होती, तुला इंग्रजी घ्यायचें आहे." मी "हो" म्हणालों. त्यानंतर ते कांहीं बोलले नाहींत. कांच पुसणाऱ्या पट्ट्यांचा आवाज तेवढा चालू होता. शिरवळ गेलें, नीरा ओलांडली, पुढचीं गांवें एकामागून एक मागें पडलीं. कात्रजच्या बोगद्यांतून गाडी बाहेर आली आणि पुण्याचे दिवे दिसूं लागले. तेव्हां अण्णा म्हणाले, "घे. पण मुलांना शिकवायची वेळ आली तर नीट शिकव." एवढेंच. घरीं आल्यावर वहींत त्यांनीं लिहिलें: "वाई, आक्का." गेलीं तीस वर्षें मी वर्गांत पाऊल टाकतों तें त्या वाक्याच्या आधारावर. समोरासमोर बसून तें वाक्य त्यांच्या तोंडून निघालें असतें असें मला वाटत नाहीं. आणि प्रदर्शनाच्या मांडवांत दोरीच्या आड उभ्या असलेल्या मोटारींत तें निघण्याचा तर संभवच नाहीं.

मोटारीचें म्हातारपण मनुष्याच्या म्हातारपणापेक्षां फारसें निराळें नसतें. जग बदलतें आणि जेवण पचेनासें होतें. २००० च्या फेब्रुवारीपासून आपल्या देशांत शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री बंद झाली. हवेच्या दृष्टीनें, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या दृष्टीनें, ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु जुन्या इंजिनांत त्या शिशाचा एक पातळ थर बसून झडपांच्या बैठकी झिजण्यापासून वांचत असत. तो आधार गेला. मिस्त्रींनीं इंजिन उघडून टणक धातूच्या नव्या बैठकी बसविल्या. मग २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें आणि दोनतीन वर्षांत तें सर्वत्र झालें. यांतलें कांहीं इथेनॉल आपल्याच उसाचें. ज्या घरांत कोणी कधीं मद्याला शिवलें नाहीं, त्या घरांतील सर्वांत वयोवृद्ध चाकरमानी उतारवयांत पिऊं लागली, असें मी विनोदानें म्हणत असतों. तिला तें मानवत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको. मद्यार्कानें जुनें रबर फुगतें आणि चिरतें. मिस्त्रींनीं पेट्रोलाच्या साऱ्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील चकत्या बदलल्या. सुटे भाग मिळविणें दिवसेंदिवस कठीण झालें आहे. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या तोंवर त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचेंहि भागत असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख आले. आमच्या मिस्त्रींनीं मात्र त्याच आठवड्यांत मुंबईला जाऊन एक पोतें भरून सामान आणलें.

आतां 'विंटेज' या शब्दाकडे वळतों. इंग्रजीचा अध्यापक म्हणून हा शब्द मला थोडा ओळखीचा आहे. तो मूळचा द्राक्षांच्या मळ्यांतला. कोणत्या सालच्या द्राक्षांचें मद्य आहे तें सांगण्यासाठीं तो वापरीत, आणि तेथून तो जुन्या मोटारींना येऊन चिकटला. उपमा म्हणून ती मला फसवी वाटते. उत्तम मद्य तळघरांत न हलवितां ठेवलें तर पिकतें. मोटार न हलवितां ठेवली तर कुजते. तिची बॅटरी उतरते, टायरांना एकाच जागीं भार पडून चिरा जातात, कार्ब्युरेटरांतील पेट्रोल उडून जाऊन मागें चिकट राळ राहते, तेल खालीं उतरून सिलिंडर कोरडे पडतात, ब्रेकच्या नळकांड्यांत गंज धरतो. तीन महिने उभी असलेली गाडी आणि तीन महिने रोज मंडईंत जाणारी गाडी यांपैकीं कोणती अधिक धडधाकट असते, हें कोणताहि मिस्त्री सांगेल. विश्रांतीनें झिजणाऱ्या वस्तूंपैकीं मोटार ही एक आहे.

मनुष्य ही दुसरी. अण्णांनीं २००८ सालीं, त्र्याहत्तराव्या वर्षीं, स्वतःहून गाडी हांकणें सोडलें. किल्ली माझ्या हातीं देतांना ते कांहीं बोलले नाहींत. त्या दिवसापासून नातेवाईक त्यांना फार मान देऊं लागले. कोणी आलें कीं वांकून नमस्कार करी, आणि मग त्यांना ओलांडून माझ्याशीं कामाचें बोले. आईनें मात्र त्यांना एक दिवसहि रिकामें बसूं दिलें नाहीं. शेंगा सोलणें, विजेचें बिल तपासणें, दुधाचा हिशेब, आणि मुख्य म्हणजे गाडीची वही. गाडी मी हांकीत असें. घरीं आलों कीं अण्णा दाराशीं येऊन किलोमीटरचा आंकडा विचारीत आणि कारण विचारीत. "कशाला गेला होतास?" हा प्रश्न दुसऱ्या कोणीं केला असता तर मला तो जाच वाटला असता. त्यांना तो विचारण्याचा अधिकार होता, कारण तो त्यांच्या रकान्यांत भरावयाचा होता.

त्यांच्या हातची अखेरची नोंद नोव्हेंबर २०१३ मधील आहे. अक्षर थोडें कापरें आहे, पण रकान्याबाहेर गेलेलें नाहीं. कारणाच्या जागीं लिहिलें आहे: "बँक. हयातीचा दाखला." सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरांत आपण जिवंत असल्याचें सही करून कळवावें लागतें, हें अनेक वाचकांना ठाऊक असेल. पुष्कळांना त्यांत अपमान वाटतो. अण्णांना तसें कधीं वाटलें नाहीं. त्या दिवशीं ते इस्त्रीचा सदरा घालीत, पुढच्या बैठकीवर माझ्या शेजारीं बसत, आणि बँकेंतून परत येतांना म्हणत, "चला, आणखी एक वर्ष." २०१४ च्या प्रारंभीं ते गेले. सहाव्या वहीच्या त्या पानाखालीं माझें अक्षर सुरू होतें.

कन्येचें म्हणणें मी हलकें लेखीत नाहीं. तिच्या जन्माच्या आधींच, १९९५ पासून, चार महानगरांतील नव्या पेट्रोल-मोटारींना धुरांतील विष कमी करणारें यंत्र बसविणें सक्तीचें झालें. आमच्या गाडीला तें नाहीं. सहामाही तपासणींत ती उत्तीर्ण होते, परंतु जुन्या गाड्यांसाठीं उत्तीर्णतेची रेघच सैल आहे, हें कन्या मला दाखवून देते, आणि तें खरें आहे. धडकेच्या वेळीं फुगून जीव वांचविणाऱ्या पिशव्या हिच्यांत नाहींत, हेंहि खरें आहे. हजारों लोकांनीं अशा गाड्या रोज दूरवर हांकाव्या, असें मी कधींच म्हणणार नाहीं. म्हणून आम्हीं आधींच कांहीं मर्यादा घालून घेतल्या आहेत. महामार्गावर आणि रात्रीं कन्येची नवी गाडी जाते. पद्मिनी वर्षाकांठीं दीड हजार किलोमीटरांपलीकडे जात नाहीं, आणि तेहि पेठांतल्या संथ रस्त्यांवरून. नवी गाडी घडविण्यांतहि लोखंड वितळतें आणि कोळसा जळतो, हा माझा प्रतिवाद. त्यावर कन्येचा प्रतिवाद तयार असतोच. हा वाद आम्हां बापलेकींत बहुधा गाडींतच चालतो. तीहि समोर पाहत असते, मीहि समोर पाहत असतों, आणि त्यामुळें तो कधीं भांडणापर्यंत जात नाहीं.

राहतां राहिली आई. नव्या पद्धतीच्या मोटारींपैकीं उंच असतात त्यांत तिला चढवत नाहीं आणि बुटक्या असतात त्यांतून तिला उठवत नाहीं. या जुन्या बाकाची उंची तिच्या गुडघ्यांना बरोबर बसते. दार उघडलें कीं ती आधीं बसते, मग पाय आंत घेते, त्रिकोणी कांच आपल्याला हवी तेवढी तिरकी करते, आणि सांगते, "चल." डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना सव्वादोन किलोमीटरांवर आहे. तेवढ्या वाटेंत ती मला आपल्या माहेरच्या, अण्णांच्या, शेजारणींच्या अशा गोष्टी सांगते, ज्या घरांत समोर बसून तिनें कधीं सांगितल्या नाहींत.

तेव्हां मीं ठरविलें आहे तें असें. थोरवीचीं अक्षरें आम्हांला नकोत. ज्या दिवशीं मिस्त्री सांगतील कीं आतां हिचे ब्रेक भरंवशाचे राहिले नाहींत, त्या दिवशीं कन्येच्या मताप्रमाणें तिला रीतसर मोडींत देऊं. तिचें लोखंड कोणाच्या तरी उपयोगीं पडेल. प्रदर्शनांत हार घालून उभी राहण्यापेक्षां तो शेवट तिला अधिक शोभेल. पण तो दिवस येईपर्यंत तिनें काम केलें पाहिजे. नूतनीकरणाचें शुल्क पूर्वीं सहाशें रुपये असे. एप्रिल २०२२ पासून तें पांच हजार झालें आणि पुढें तेंहि वाढलें. तें आम्ही भरूं. पर्यावरणाचा कर निराळा. तोहि भरूं, आणि तो भरतांना कन्येला साक्षीला ठेवूं. पत्नीनेंहि अखेर संमति दिली आहे, मात्र बैठकीला नवें कापड शिवून घेण्याच्या अटीवर.

तारीख ठरली आहे. मिस्त्रींनीं दिवे आणि भोंगा तपासून ठेवला आहे, आणि सातव्या वहींत त्या दिवसाची ओळ मीं आंखून ठेवली आहे. तिच्या शेवटच्या रकान्यांत काय लिहावयाचें हें मला शोधावें लागणार नाहीं. तें अण्णांनीं पूर्वींच लिहून ठेवलें आहे. फक्त बँकेच्या जागीं परिवहन कचेरी. आणि कचेरींतून परततांना वाटेंत मंडईंत थांबून भाजी आणावी, अशी आईची सूचना आहे.